मेहुणीचा आयफोन, आईचा अँड्रॉइड आणि ओसाकाचा सल्ला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. न्यू जर्सीत राहणारी मेहुणी डिसेंबरात पुण्याला येते आहे. तुमच्यासाठी आयफोन १७ आणि तुमच्या आईंसाठी तिथल्या दुकानातला एखादा स्वस्तातला अँड्रॉइड आणायची तिची तयारी आहे. ओसाकातला मावसभाऊ म्हणतो, त्यापेक्षा जपानी फोन घ्या, दर्जाच वेगळा. मुलगी पुढच्या ऑगस्टला एमएससाठी अमेरिकेला निघेल. तिने इथला फोन न्यावा की तिथे घ्यावा हे ठरत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, नेमका कुठल्या देशातला फोन चांगला?

या शेवटच्या प्रश्नाच्या मागे लागू नका. यंत्र म्हणून पाहिलं तर फरक थोडाच असतो. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन आता मोठ्या संख्येने भारतातच जुळवले जातात, त्यामुळे मेहुणीने कौतुकाने आणलेल्या खोक्याच्या पाठीवर आपल्याच देशाचं नाव निघालं तर दचकू नका. खरा फरक पडतो तो त्या देशात फोन विकतं कोण आणि कॉलचं बिल भरतं कोण, यामुळे. सिमची खाच, लॉक, रेकॉर्डिंगचं बटण, कॅमेऱ्याचा आवाज, सगळं त्यातून येतं.

माझं सांगायचं तर पहिली सहा वर्षं बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत रिपेअरिंगच्या काउंटरवर गेली. नंतर हँडसेट टेस्टिंगमध्ये आलो. म्हणजे गाडीच्या डॅशबोर्डवर चार-पाच फोन, मांडीवर लॅपटॉप, आणि दिवसभर हिंडत कॉल लागतो का, तुटतो का, डेटा किती मिळतो याची नोंद. हे पुण्यात केलं, न्यू जर्सीत केलं, काही महिने जपानात केलं.

काउंटरवरची एक गोष्ट सांगतो. २००४च्या आसपास चिंचवडचे एक निवृत्त गृहस्थ रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन आले. मुलाने टेक्सासहून पाठवलेला. म्हणाले, "सिम कुठे घालायचं तेवढं दाखवा." मी मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, बॅटरीखाली बघितलं. खाच नव्हतीच. तो सीडीएमएचा, म्हणजे तेव्हाच्या बिनसिमच्या तंत्राचा फोन होता. तिथली कंपनी फोन स्वतः विकायची, नंबर फोनच्या पोटातच भरायची, आणि फोन जन्मभर त्या कंपनीचाच राहायचा. आपल्याकडेही तेव्हा सीडीएमए होतं. २००३च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून मिळणारा फोन अनेकांच्या घरात आला होता. पण इथल्या सीडीएमए कंपन्याही स्वतः विकलेला फोनच चालवून घ्यायच्या, बाहेरच्याला दारात उभं करायच्या नाहीत. काकांनी तो फोन शेवटी गजराला ठेवला. वर्षभराने भेटले तेव्हा म्हणाले, गजर उत्तम होतो.

तो किस्सा अपवादाचा, कारण बाकी भारतात आपण फोन एका दुकानातून घेतो आणि सिम कोपऱ्यावरच्या टपरीवरून. फोन आपला, सिम कंपनीचं. अमेरिकेत आजही बहुतेक लोक फोन कॅरियरच्या, म्हणजे मोबाइल कंपनीच्या दुकानातून, दोन-तीन वर्षांच्या हप्त्यांवर घेतात. हप्ते फिटेपर्यंत त्या फोनवर कंपनीचा हक्क, आणि तो हक्क राखायचं साधन म्हणजे सिम-लॉक: फोन दुसऱ्या कंपनीचं सिम चालवूनच घेत नाही. कॅनडाने लॉक केलेले फोन विकण्यावर १ डिसेंबर २०१७ पासून बंदी घातली, जपानने ऑक्टोबर २०२१ पासून, ब्रिटनने १७ डिसेंबर २०२१ पासून. अमेरिकेत अशी सरसकट बंदी नाही. म्हणून लंडनहून किंवा टोरंटोहून नवा फोन येणार असता तर मी लॉकची चर्चाच केली नसती. न्यू जर्सीहून येतोय म्हणून करतोय.

तर पहिला, तुमचा आयफोन. मेहुणीला सांगा, अ‍ॅपलच्या दुकानातून पूर्ण पैसे भरून, कुठल्याही कॅरियरला न जोडता घे. "एकावर एक फुकट" किंवा "जुना द्या, नवा मोफत" अशी पाटी दिसली की तो फोन हप्त्यांचा समजावा, हप्त्यांचा म्हणजे लॉकचा. फोन हातात आला की सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात अबाउट, आणि खाली सरकत जायचं. कॅरियर लॉक अशी एक ओळ दिसेल. तिच्यापुढे "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" असं लिहिलेलं असलं पाहिजे. दुसरं काहीही असलं तर विमानात बसायच्या आधी परत करायचा. इथे आणून "कोणीतरी अनलॉक करून देईल" या भरवशावर राहू नका. एकेकाळी आम्हीच तो धंदा केला आहे. केबल लावायची, कोड टाकायचा, दहा मिनिटांत फोन मोकळा. आता लॉक कंपनीच्या सर्व्हरवर असतो, फोनमध्ये नाही, आणि बाजारात जे स्वस्तात "अनलॉक" करून देतात ते पुढच्या अपडेटला परत बंद पडतं.

एक बारकावा. हप्ते थकवून कोणी फोन विकला तर तिथली कंपनी त्याचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख-नंबर, काळ्या यादीत टाकते. लॉक वेगळा आणि काळी यादी वेगळी. एकातून सुटलेला फोन दुसऱ्यात अडकलेला असू शकतो. म्हणून तिथला वापरलेला फोन "ओळखीतल्याकडून" येत असेल तर ओळख किती जुनी आहे ते आधी पाहा.

आता सिमच्या खाचेबद्दल. सप्टेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ आला तेव्हा अमेरिकेच्या मॉडेलांतून ती काढून टाकली आणि फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या पोटातच डिजिटल रूपात भरलेलं सिम, ठेवलं. तेव्हापासून काकांचाच प्रश्न दर डिसेंबरात माझ्याकडे येतो: "सिम कुठे घालायचं?" एका परिचितांनी तर सिमची पिन माइकच्या भोकात घालून पाहिली होती. २०२५च्या आयफोन १७ मध्ये जपान, कॅनडा, मेक्सिको, सौदी, अमिराती वगैरे देशांच्या मॉडेलांतूनही खाच गेली. भारतीय मॉडेलात आहे. उलट चीनच्या मुख्य भूमीत विकल्या जाणाऱ्या आयफोनात वर्षानुवर्षं दोन खरी सिमं बसत आली आणि ई-सिमच नसे. म्हणजे तुमच्या मेहुणीचा आणि मावसभावाचा, दोघांचेही आयफोन १७ ई-सिमवालेच असणार. या बाबतीत ओसाका आणि न्यू जर्सी सारखेच.

ई-सिमने तुमचं अडेल का? तुमच्यापुरतं नाही अडणार. जिओ, एअरटेल, व्ही तिघंही ई-सिम देतात. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. सिम बदललं, आणि साध्या सिमचं ई-सिम करणंही त्यातच आलं, की २४ तास एसएमएस बंद असतात. दूरसंचार विभागाने हे फसवणूक रोखायला २०२२ मध्ये लावलंय आणि ते योग्यच आहे, पण त्या दिवशी बँकेचा ओटीपी येणार नाही. महिनाअखेरीला किंवा कर्जाच्या हप्त्याच्या दिवशी हा उद्योग करू नका. दुसरं, फोन पडला, स्क्रीन गेली, तर साधं सिम काढून जुन्या फोनात टाकायला एक मिनिट लागतं. ई-सिम हलवायला चालू फोन, इंटरनेट, ओळख पटवणं असं सगळं लागतं. रत्नागिरीच्या पुढे एखाद्या गावात असताना हे झालं तर काय, याचा विचार करून ठेवा.

आणि पैशाचं? आयफोन १७ ची अमेरिकेतली किंमत ७९९ डॉलर, इथली ८२,९०० रुपये. पण तिथली पाटीवरची किंमत विक्रीकराशिवाय असते, आपली एमआरपी १८ टक्के जीएसटी धरून. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे हातात साधारण ८५२ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ७६-७७ हजार. राहिले सहा हजार. इथे सणाच्या दिवसांत बँकेच्या कार्डावर जी सूट मिळते ती बहुतेकदा यातला मोठा भाग खाऊन टाकते. शेजारच्या डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही म्हणून आपली मंडळी शनिवारी गाडी काढून तिकडे जातात. मेहुणीला तो उत्साह असेल तर थोडं आणखी वाचेल. पण वॉरंटीचं बघा. अमेरिकेचं मॉडेल इथे विकलंच जात नाही, त्यामुळे पूर्ण फोन बदलून द्यायची वेळ आली तर तसाच फोन इथल्या स्टॉकमध्ये नसतो. कस्टमची त्या वेळची मर्यादाही निघण्याआधी तपासा. सहा हजारांसाठी हे सगळं करायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी करणार नाही. भेट म्हणून येत असेल तर आनंदाने घ्या.

आईंच्या फोनबद्दल मात्र मी ठाम आहे. इथेच घ्या. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान या "स्वस्तातल्या अमेरिकन अँड्रॉइड"मध्ये होतं.

प्रत्येक देशात मोबाइल कंपन्यांना रेडिओ-लहरींचे वेगवेगळे पट्टे मिळालेले असतात. त्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. भारतात ४जीसाठी मुख्यतः बँड ३, ५, ८, ४० आणि ४१. ५जीसाठी ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा एन-७८, आणि जिओचा ७०० मेगाहर्ट्झचा एन-२८. अमेरिकेत २, ४, १२, १३, ६६, ७१ अशी वेगळी मांडणी. आयफोनसारख्या महाग फोनात जवळजवळ सगळे बँड घातलेले असतात, म्हणून तुमच्या फोनाच्या वेळी मी हा विषय काढलाच नाही. स्वस्त फोनात प्रत्येक बँडमागे खर्च वाचवायचा असतो. अमेरिकेतल्या कॅरियरने स्वतःसाठी बनवून घेतलेल्या शंभर-दीडशे डॉलरच्या फोनात ४० नंबरचा बँड कशाला घालतील? तो तिथे लागतच नाही.

याचा परिणाम सहज लक्षात येत नाही. फोन बंद पडत नाही, "नो सर्व्हिस"ही दाखवत नाही. एकदा सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे ड्राइव्ह टेस्ट करत होतो. डॅशबोर्डवर चार फोन, चौघांत एकाच कंपनीचं सिम. तीन भारतातले, एक अमेरिकेहून आणलेला. धायरी फाट्यापर्यंत चौघांचे टॉवरचे दांडे सारखेच दिसत होते. लॅपटॉपवर मात्र तिघं ४० नंबरच्या बँडवर आरामात, आणि चौथा बँड ५ च्या गर्दीत अडकलेला. डेटा तिघांच्या पाव पटही नाही. धरणाच्या भिंतीपाशी रविवारची गर्दी होती, तिथे चौथ्याने मान टाकली. तो फोन वापरणारा माणूस काय म्हणाला असता? "आमच्या भागात नेटवर्क फार खराब आहे." कंपनीला दोन शिव्या घातल्या असत्या आणि फोनला एकही नाही.

दुसरी अडचण कॉलची. जिओकडे २जी-३जी नाही. त्यांचा कॉल ४जीवरून, ज्याला व्होल्टी म्हणतात, त्यातूनच जातो. व्होल्टी चालायला फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कंपनीची माहिती भरलेली असावी लागते. आयफोनात ती आपोआप उतरते. अँड्रॉइडमध्ये कोणत्या देशासाठी सॉफ्टवेअर भरलंय यावर ते ठरतं. म्हणून असे फोन माझ्याकडे येत राहतात, ज्यांच्यावर यूट्यूब धो-धो चालतं आणि कॉल लागत नाही. तुमच्या घरी कुठलं सिम आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. एअरटेल किंवा बीएसएनएल असेल तर २जीवर पडून कॉल लागेल, जिओ असेल तर तेही नाही.

यंत्र तयार असून सॉफ्टवेअरच्या परवानगीसाठी अडून राहणं म्हणजे काय, याचं उदाहरण भारताने सामूहिकपणे अनुभवलंय. १ ऑक्टोबर २०२२ ला इथे ५जी सुरू झालं. आयफोन १२ पासूनच्या सगळ्या आयफोनांत ५जीची चिप होती. तरी डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत एकाही आयफोनवर इथलं ५जी चालू झालं नाही. लाखभर रुपयांचे फोन घेऊन लोक बारा-तेरा हजारांच्या फोनवरचं ५जी बघत बसले होते.

तिसरं कारण सवयीचं. आईंना डॉक्टरांचं बोलणं रेकॉर्ड करून मुलांना ऐकवायची सवय असेल, तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ फोनांत ते बटणच नसतं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत सगळ्यांच्या संमतीशिवाय कॉल रेकॉर्ड करणं गुन्हा आहे, मग कंपन्या राज्याराज्यागणिक वेगळं मॉडेल काढण्यापेक्षा सोयच काढून टाकतात. दोन सिमंही तिथे स्वस्त फोनात सहसा मिळत नाहीत. ज्या कॅरियरने फोन विकायचा, तो त्यात स्पर्धकाच्या सिमला जागा का ठेवील?

दोन सिमांचं आपलं वेड कुठून आलं माहीत आहे का? दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र-गोवा दुसरं. पुण्याचं सिम पणजीत गेलं तर घरचं, आणि दादरला गेलं तर रोमिंग! आठवड्यातून दोनदा मुंबईला जाणारा माणूस दुसरं सिम ठेवणारच. पुढे जुलै २०१५ मध्ये देशभर कुठेही नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली आणि रोमिंगही यथावकाश संपलं, पण तोवर दोन सिमं अंगवळणी पडली होती. आज एक कॉलचं, एक यूपीआयचं, असा संसार चालू आहे.

आणि आईंसाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पॅनिक बटण. २०१७ पासून भारतात विकायच्या प्रत्येक फोनात ते असलंच पाहिजे असा नियम आहे: स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा दाबायचं, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, फोन ११२ ला लागतो. दुसऱ्या देशासाठी बनलेल्या फोनात हे असंच असेल असं धरून चालू नका.

इथवरचं एका ओळीत: आयफोन येऊ द्या, पण कॅरियरला न जोडलेला; आईंचा फोन लक्ष्मी रोडवर घ्या.

आता ओसाका. जपानची गोष्ट मला फार आवडते, पण तुमच्या उपयोगाची ती नाही. तिथे फोन कसा असावा हे अनेक वर्षं ऑपरेटर ठरवायचे, हँडसेट बनवणारे त्यांच्या सांगण्यावरून बनवायचे. त्यामुळे १९९९ मध्येच फोनवर इंटरनेट आलं, त्याच सुमारास डोकोमो या ऑपरेटरने इमोजी दिले, २००४ मध्ये फोन म्हणजे पाकीट झालं, २००६ पासून स्टेशनच्या गेटवर फोन टेकवून लोक लोकलमध्ये शिरू लागले. आपल्याकडे तेव्हा रिंगटोन विकत घेणं ही चैन होती. पण हे सगळं जपानी ऑपरेटरच्या जाळ्यातच चालायचं. बाहेर नेलं की तो साधा फोन. जपानी लोकच अशा फोनांना गॅलापागोस बेटांवरच्या प्राण्यांची उपमा देऊन चेष्टा करतात.

आज तिकिटाचं ते तंत्र आयफोन ८ पासून प्रत्येक देशाच्या आयफोनात आहे, म्हणजे त्यासाठी जपानी मॉडेल घ्यायचं कारण उरलं नाही. उलट एक भेट मिळू शकते, कॅमेऱ्याचा आवाज. चोरून फोटो काढण्याला आळा बसावा म्हणून जपानी ऑपरेटरांनी आणि दक्षिण कोरियातल्या उद्योगाने कॅमेऱ्याचा खटका बंद करता येणार नाही अशी व्यवस्था केली. कोरियाचं मानक २००४चं, आवाज ६० डेसिबलच्या वर. जपानहून आणलेला एक फोन मी काही दिवस वापरत होतो. भाच्याच्या मुंजीत भिक्षावळीच्या वेळी फोन सायलेंटवर ठेवून फोटो काढले आणि गुरुजींनी दर खटक्याला मंत्र थांबवून माझ्याकडे बघितलं. सातव्या फोटोला बहिणीने फोन काढून घेतला.

राहिला मुलीचा प्रश्न, आणि माझ्या मते यातला खरा महत्त्वाचा तोच.

तिने फोन इथूनच न्यावा, आणि तो भारतीय मॉडेलचा आयफोन असेल तर उत्तमच. कारण त्याची खाच. भारतीय सिम खाचेत, अमेरिकेचा नंबर ई-सिमवर. तिचा बँकेचा ओटीपी, यूपीआय, आधारला जोडलेला नंबर हे सगळं त्या एवढ्याशा प्लॅस्टिकवर उभं आहे, आणि ते हरवलं तर दुसरं सिम घ्यायला तिला इथे यावं लागू शकतं. यूपीआय सिम फोनात आहे का ते तपासतं, म्हणून ते ड्रॉवरमध्ये ठेवून चालायचं नाही. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि फोनमध्ये डेटा रोमिंग बंद ठेवा, म्हणजे एसएमएस येत राहतील आणि बिल फुगणार नाही. रिचार्ज जिवंत ठेवणं तुमच्याकडे. दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलंय. तिला तेवढंच पुरे.

अँड्रॉइड नेणार असेल तर एक काम निघण्याआधी करायचंच. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये जुनं ३जी बंद केलं. आता तिथे कॉल जवळजवळ सगळे व्होल्टीवर, आणि एटी अँड टी तर आपल्या यादीत नसलेल्या फोनला जाळ्यावर घेतच नाही, बँड जुळले तरी. स्टार-हॅश-०६-हॅश डायल करून आयएमईआय काढायचा आणि त्या कंपनीच्या साइटवर "तुमचा फोन चालेल का" तिथे टाकायचा. पाच मिनिटांचं काम. ऑस्ट्रेलियात तर हे आणखी कडक आहे: २८ ऑक्टोबर २०२४ ला तिथलं ३जी संपलं, आणि ज्या फोनवरून ४जीने ००० हा आणीबाणीचा नंबर लागत नाही, तो फोन कंपनीने जाळ्यावरून काढूनच टाकायचा असा नियम झाला. भारतात चालणारा फोन तिथे उतरल्यावर कागदावर ठेवायचं वजन होऊ शकतो.

तिला तिथे एक गोष्ट विचित्र वाटेल. साध्या प्रीपेड प्लॅनवर येणाऱ्या कॉलचीही मिनिटं कापली जातात. आपल्याकडेही असंच होतं. १९९५ मध्ये मोबाइल आला तेव्हा आलेला कॉल उचलायलाही पैसे पडायचे, ते १ मे २००३ ला बंद झाले. आपण ते करू शकलो, कारण आपले मोबाइल नंबर वेगळे ओळखू येतात. नऊने सुरू होणारा नंबर फिरवताना फिरवणाऱ्याला माहीत असतं की मोबाइलचे पैसे पडणार. अमेरिकेत मोबाइलला शहराच्याच कोडचा नंबर दिला, लँडलाइन की मोबाइल हे फिरवणाऱ्याला कळायचा मार्गच नाही. मग जादा पैसे त्याच्याकडून कसे मागायचे? म्हणून उचलणाऱ्याने भरायचे. आजच्या अमर्याद प्लॅनमध्ये हे दिसत नाही, पण आपल्याकडच्या मिस्ड कॉलसारखी गंमत तिथे का रुजली नाही याचं मोठं कारण हेच. तिकडे हिशेबात फुकट असं कोणाचंच काही नव्हतं.

शेवटचं, जे कोणी सांगत नाही. आपली मुलं तिथे चार-पाच जण मिळून एक फॅमिली प्लॅन घेतात. स्वस्त पडतो, जरूर घ्यावा. पण खातं एकाच्या नावावर असतं. आपल्याकडे १९०० ला एसएमएस केला की पोर्टिंगचा कोड स्वतःच्याच फोनवर येतो. तिथे नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायला खात्याचा नंबर आणि ट्रान्सफरचा पिन लागतो, आणि तो खातेदाराकडे. माझ्या टीममधल्या एका मुलीचा खातेदार पदवी घेऊन सिएटलला गेला, फोन उचलेना, आणि जुन्या नंबरवर तिची बँक, विद्यापीठ, घरभाडं सगळं अडकलेलं. तिला तीन आठवडे लागले. तुमच्या लेकीला सांगा, पहिल्या महिन्यात हवा तो प्लॅन घे, पण पगाराचं किंवा बँकेचं पहिलं खातं उघडायच्या आत नंबर स्वतःच्या नावावर करून घे.

मेहुणी निघायच्या आधी तिला त्या कॅरियर लॉकच्या ओळीचा फोटो पाठवायला सांगा. घरात कुठल्या कंपन्यांची सिमं आहेत तेही कळवलंत तर आईंसाठी दोन-तीन मॉडेलं सुचवतो.